जाळीवरचं कुंकू

मी एक जुना डबा आहे. कागदावर माझं नाव मोठं होतं, इंग्रजी होतं आणि पितळी पाटीवर कोरलेलं होतं. पण चाकणच्या ज्या शेडमध्ये मी जन्मलो तिथे मला सगळे डबाच म्हणायचे. मलाही तेच बरं वाटतं. मित्रांनो, हल्ली मी पुनावळ्याच्या शाळेच्या मैदानात, पाण्याच्या टाकीशेजारी उभा असतो. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्यात शिरता, कुणीतरी उलटे आकडे मोजतं आणि तुम्ही सगळे आरडाओरडा करत आकाशात जाता. मला दार नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ते का नाही, तेच मला सांगायचं आहे. गोष्ट गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर त्या पलीकडच्या घसरगुंडीला विचारा.

मला लक्ष्मणरावांनी बनवलं. त्यांच्या वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर लक्ष्मणरावांनी शेड टाकली. तिथे मोटारींचे पत्रे दाबले जायचे, एकासारखा एक, हजारोंनी. मी मात्र एकटाच होतो. एका मोठ्या संस्थेनं ठरवलं होतं की एका माणसाला, अगदी एकट्याला, चंद्राच्याही पुढे एका लघुग्रहापर्यंत पाठवायचं आणि परत आणायचं. प्रवास कित्येक महिन्यांचा. सोबतीला कुणी नाही. बोलायचं म्हटलं तरी आवाज पोहोचून उत्तर यायला वेळ लागणार. असं राहणं माणसाला जमतं का, हे आधी जमिनीवर तपासायचं होतं, आणि त्यासाठी मी. बाहेर चाकण, आत अंतराळ.

शेडमधल्या लोकांनी मला मन लावून घडवलं. माझ्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं. एकदा एक बारीकसा बुडबुडा आला तर सगळा सांधा उकलून पुन्हा जोडला. आतून पांढरी भिंत, एक पलंग, एक टेबल, एक पडदा, आणि टेबलाच्या वर भिंतीत बसवलेली रुपयाएवढी गोल जाळी. ती जाळी म्हणजे माझं नाक. आतला माणूस श्वास सोडतो, त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो. तो किती साठला हे माझं नाक हुंगायचं, आणि त्याप्रमाणे माझ्या पाठीवरचं हवा शुद्ध करणारं यंत्र जोरात किंवा हळू चालायचं. नाकाला वास आला नाही तर यंत्र आळसावणार. एवढं लक्षात ठेवा.

आराखड्यात मला दोन नाकं होती. एक चुकलं तर दुसरं सांगेल, म्हणून. दुसरं नाक बाहेरदेशातून यायचं होतं आणि त्याला उशीर होणार होता. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते, मांडववाल्याला सांगून झालं होतं. संस्थेतलं कुणीतरी म्हणालं की एकावर भागवा, ट्रायलच तर आहे. मित्रांनो, 'ट्रायलच तर आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी स्वतः त्या ट्रायलमध्ये बसवलं पाहिजे. पण बसायचं नेहमी दुसऱ्याला असतं.

बसणार होती तनुजा. इथलीच, पुनावळ्याची. आज जिथे ते उंच टॉवर उभे आहेत तिथे तिच्या वडिलांचं, सोनबांचं, शेत होतं. ती इंजिनिअर झाली, विमान उडवायला शिकली, आणि देशभरातून निवडलेल्या लोकांमधून शेवटी दोघं उरली : ती आणि कुलदीप नावाचा एक वैमानिक. पहिला मान तिचा. माझ्यात ठरलेली मुदत एकटीनं काढली की ती जाणार. मुदत पुरी व्हायच्या आधी आतून दार उघडलं तर कुलदीप जाणार. नियम सरळ होता. दाराच्या आतल्या बाजूला एक लाल मूठ होती. ती फिरवायची नाही, बस्स.

ती आत जाण्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आता आपल्या या पट्ट्यात खंडेनवमीला कुठलं यंत्र पूजेवाचून राहतं? लेथला हार, प्रेसला हार, टेम्पोच्या काचेवर स्वस्तिक, पान्या-हातोड्यांवर फुलं. मग मला कसं सोडतील? लक्ष्मणरावांनी तनुजाच्या आईवडिलांना मुद्दाम बोलावलं. तिची आई कौशल्याबाई पूजेचं ताट घेऊन माझ्यात आल्या. कुंकू पाण्यात घट्ट कालवलेलं होतं. त्यांनी पलंगाला बोट लावलं, टेबलाला लावलं, आणि मग माझं कपाळ शोधू लागल्या. पांढऱ्या सपाट भिंतीवर डोळ्यांसमोर एकच गोल दिसत होता. त्यांनी त्या गोलावर मधोमध बोट टेकवलं आणि चांगलं दाबून, जाड कुंकू लावलं. वर अक्षता चिकटवल्या.

"माझ्या लेकराला संबाळ रं बाबा," असं मला म्हणाल्या. हात जोडून म्हणाल्या. त्याआधी माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

संस्थेचा अजिंक्य नावाचा इंजिनिअर मागेच उभा होता. तोच बाहेरच्या टेबलावर बसून तनुजावर लक्ष ठेवणार होता. त्यानं जाळी पाहिली आणि खिशातून फडकं काढलं.

"साहेब, सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसता का?" लक्ष्मणराव म्हणाले. "आणि ते पण पोरगी आत निघालीय तेव्हा?"

अजिंक्यचा हात थांबला. तो काही परका नव्हता, त्याच्याही घरी हेच शिकवलेलं. त्यानं बाहेर जाऊन आकडा पाहिला. आकडा ठीक होता. ठीक असणारच, दार सताड उघडं होतं आणि आत कुणी श्वास कोंडून बसलेलं नव्हतं. त्यानं फडकं खिशात घातलं. बाहेर पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, भाषणं झाली, माझ्यासमोर उभं राहून लोकांनी सेल्फी काढले. एकानं तर माझ्या दाराला टेकून असा फोटो काढला की जणू तोच निघाला होता. मग तनुजा आत आली, दार लागलं आणि जग बाहेर राहिलं.

सुरुवातीचे आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. ती सकाळी उठून व्यायाम करायची, यंत्रं तपासायची, सोबत दिलेल्या कुंडीतल्या रोपांना पाणी द्यायची, पडद्यावरच्या लघुग्रहाभोवती खोटं खोटं यान फिरवायची. माझ्याशी गप्पा मारायची. "काय डबोबा, झोप झाली का?" असं विचारायची. जेवायला बसली की त्या कुंकवाकडे तोंड करून बसायची. त्या पांढऱ्या भिंतीत घरचं असं तेवढंच होतं. एकदा जाळी साफ करायची म्हणून तिनं नख लावलं, आणि लगेच मागे घेतलं. "राहू दे. आईचं बोट आहे ते," म्हणाली.

मी ओरडलो असतो. मला तोंड दिलं नव्हतं. नाक दिलं होतं, तेही आता लिंपलेलं होतं.

कुंकू वाळलं होतं. वाळून दगड झालं होतं आणि जाळीची भोकं त्यात बुजली होती. जाळीमागे अडकलेली जुनी, चांगली हवाच माझं नाक पुन्हा पुन्हा हुंगत होतं आणि बाहेर सांगत होतं की सगळं छान आहे. माझं पाठीवरचं यंत्र निवांत फिरत होतं. आणि आत तनुजाचं डोकं दुखायला लागलं.

आधी तिनं कुणाला सांगितलं नाही. मग झोप लागेना. मग सोपी गणितं चुकू लागली. रोपांना पाणी दिलं की नाही हे आठवेना. शेवटी तिनं अजिंक्यला सांगितलं की हवा जड झाली आहे. त्यानं आकडा पाहिला. आकडा हिरवा होता. तिनं पुन्हा सांगितलं, नाक तपासा म्हणाली. ते तपासायला बाहेरचं मापक आत न्यायचं तर दार उघडावं लागणार, आणि दार उघडलं तर सगळं संपणार. मग पडद्यावर मोठे डॉक्टर आले. त्यांनी तिला हळुवार आवाजात प्रश्न विचारले. लहानपणी अंधाराची भीती वाटायची का, असं विचारलं. तिनं हवेबद्दल बोलावं आणि त्यांनी मनाबद्दल बोलावं, असं कितीतरी वेळ चाललं. नंतर आपसात म्हणाले की एकांताचा ताण दिसतो आहे.

बाई म्हणते हवा नाही, तर हवा बघायची सोडून बाईचं मन बघत बसले. हे फक्त अंतराळातच होतं असं समजू नका.

घरच्यांशी बोलायची मुभा अधूनमधून असायची. त्या दिवशी सोनबा शेडमध्ये येऊन बाहेरच्या टेबलापाशी बसले. माझ्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"तनू, आवाज का बसलाय गं?"

"अप्पा, डोकं फार दुखतंय. हवा बरोबर नाही इथली."

सोनबांनी तिला धीर दिला, पाणी पी म्हणाले, आणि अजिंक्यकडे वळले. शांतपणे म्हणाले, "साहेब, माझी पोर कुरकुर करणारी न्हाई. तापात शाळंला जायची ती. ती म्हनती हवा न्हाई, तर हवा न्हाई. दार उघडा."

अजिंक्यनं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पडद्यावरचा हिरवा आकडा दाखवला. "काका, यंत्र खोटं बोलत नाही."

"मग माझी पोर बोलती व्हय?"

चहा आला. सोनबांनी तो घेतला नाही.

पुढे काही दिवसांनी तनुजा दारापाशी जमिनीवर बसली. लाल मूठ तिच्या डोक्याच्या वर होती. तिनं ओठ चावले होते. एवढी वर्षं, एवढी परीक्षा, एवढं सगळं त्या मुठीत होतं, आणि तिला ते माहीत होतं. ती एकदा उठून टेबलापाशी गेली, कुंकवाकडे पाहून "आई, आता नाही गं जमत," म्हणाली. मग परत आली आणि मूठ फिरवली.

मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

दार उघडल्याबरोबर शेडमधली ताजी हवा आत घुसली आणि आतली कोंदट हवा निघून गेली. पुरावा निघून गेला. चौकशी झाली, तीही माझ्याकडे न बघता झाली. चार माणसांनी खोलीत बसून आकडे पाहिले. सगळे हिरवे. शेरा पडला की उमेदवाराला एकांत सहन झाला नाही. कुणी मला हात लावला नाही, माझं नाक उघडलं नाही. दुसरं नाक का बसवलं नव्हतं हा प्रश्नही निघाला नाही, कारण तो ज्याला विचारायचा तोच चौकशीला बसला होता.

गावात तर विचारूच नका. काही महिन्यांपूर्वीच जिनं गावाचं नाव काढलं म्हणून फ्लेक्स लावले होते, तिच्याबद्दल चावडीवर पोरं बोलू लागली. "दार उघडून आली म्हणे. वर गेल्यावर कुठलं दार उघडणार होती, भावा?" फ्लेक्स तसेच राहिले, उन्हानं तिचा चेहरा पांढरा होईपर्यंत. लक्ष्मणरावांनी हे मला सांगितलं नाही, पण ते माझ्यासमोरच फोनवर कुणालातरी सांगत होते.

तनुजानं संस्था सोडली, रावेतला एका कंपनीत नोकरी धरली. कुलदीपसाठी दुसरीकडे नवी खोली बनवली, तिला म्हणे दोन नाकं होती. मला शेडच्या मागे ढकललं. माझ्यात आधी रिकामे रंगाचे डबे ठेवले, मग गोणपाटं, मग एक मांजरी व्याली. माझी पितळी पाटी कुणीतरी काढून नेली. वर्षातून एकच दिवस माझी आठवण व्हायची, खंडेनवमीला. तेव्हा लक्ष्मणराव स्वतः येऊन मला हार घालायचे, दारावर कुंकू लावायचे आणि निघून जायचे. पूजा चुकली नाही. साफसफाई एकदाही झाली नाही. मित्रांनो, मला हार नको होता. एक ओलं फडकं हवं होतं.

कुलदीपचं यान सुटलं तेव्हा शेडमध्ये टीव्ही लावला होता. टाळ्या मला मागे ऐकू आल्या. तो एकटा निघाला होता आणि माझ्यात एक मांजरी होती.

त्यानंतर काही महिन्यांनी लक्ष्मणरावांनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. देण्याआधी त्यांनी तनुजाला फोन केला, काही आठवण म्हणून हवं असेल तर घेऊन जा म्हणाले. ती सोनबांना घेऊन आली. दुपार होती. ती आत शिरली, गोणपाटं बाजूला केली, टेबलाशी बसली. बराच वेळ बसली. कुंकू अजून तिथेच होतं, काळपट झालेलं. यावेळी तिनं नख लावलं आणि मागे घेतलं नाही. मला वाटतं तिला ते घरी न्यायचं होतं. तेवढाच कण आठवण म्हणून.

खपली एकदम निघाली. झाकण निघावं तशी. मागे जाळीचं प्रत्येक भोक लाल भरलेलं होतं. तिनं जाळी आटे फिरवून काढली, उन्हात धरली. उन्हाचा एक थेंब तिच्यातून येईना.

सोनबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं काय झालं. तिनं जाळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ते माझ्या उंबऱ्यावरच खाली बसले.

"अप्पा, आईला सांगायचं नाही."

"न्हाई," सोनबा म्हणाले. "तिला कशाला? तिनं तर जीव लावला. ज्यांला बघायचं काम व्हतं त्यांला सांग."

तिनं अजिंक्यला फोन लावला. तो आता संस्थेत मोठ्या जागेवर होता, कुलदीपवर लक्ष ठेवणाऱ्यांत होता. मी ऐकत होतो आणि मला वाटलं आता ती रडेल, ओरडेल, माझं आयुष्य परत द्या म्हणेल. तिला तेवढा हक्क होता. ती म्हणाली, "कुलदीपला विचार त्याला बरं वाटतंय का. आत्ता विचार."

"मॅडम, त्याची सगळी रीडिंग नॉर्म..." अजिंक्य बोलता बोलता थांबला.

तिनं त्याला जाळीचं सांगितलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला की त्याला आठवतंय. फडकं त्याच्या हातात होतं. तो अजून काही बोलणार होता, पण तिनं तोडलं.

"ते नंतर. आधी त्याला विचार. आकडा नको सांगूस, त्याला काय वाटतंय ते सांग."

तिथवर आवाज जायला आणि परत यायला वेळ लागतो. ती माझ्यातच बसून राहिली, दार उघडं ठेवून. लक्ष्मणराव येऊन गेले, सगळं ऐकून बाहेर जाऊन उभे राहिले. भंगारवाल्याचा टेम्पो आला होता, तो त्यांनी परत पाठवला. उन्हं उतरायला लागली तेव्हा फोन वाजला. अजिंक्यनं कुलदीपचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. कुलदीप म्हणत होता की तब्येत ठीक आहे, हवा चांगली आहे, झोप लागते. आणि शेवटी म्हणाला होता, निघाल्यापासून हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं.

तनुजानं फोन ठेवला आणि मग मात्र ती रडली.

अजिंक्यनं जाळीचं सगळं वरिष्ठांना लिहून पाठवलं. संस्थेचं उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. तनुजा आता जाणार नाही. वय निघून गेलं, जागा भरली, सगळ्यांना पुढे जायची घाई. ती वर्षं परत मागता येत नाहीत. मी कितीही भक्कम बनलो असलो तरी तेवढं मला भरून देता येत नाही.

मला मात्र तिनं इथे आणवलं. लक्ष्मणरावांनी स्वतःच्या ट्रकनं आणलं, आणि तिच्या सांगण्यावरून माझं दार बिजागऱ्यांसकट कापून टाकलं. माझ्यात कुणी कोंडलं जाऊ नये म्हणून. जाळी तिनं धुऊन पुन्हा बसवली. तुम्ही तिला फुंकर मारता ना, आरपार जाते बघा.

गेल्या खंडेनवमीला कौशल्याबाई शाळेत आल्या. ताट घेऊन, कुंकू कालवून. अजूनही त्यांना काही माहीत नाही. पोरगी आजारी पडून बाहेर आली, एवढंच त्या समजतात, आणि डब्यानं तिला सुखरूप ठेवलं म्हणून माझे उपकार मानतात. त्यांचं बोट पुन्हा त्या गोलाकडे निघालं. तनुजानं आईचं मनगट हळूच धरलं आणि चार बोटं बाजूला, साध्या पत्र्यावर नेलं.

"इथं लाव, आई."

"का गं? कपाळ तर त्ये हाय."

"ते नाक आहे त्याचं."

कौशल्याबाई हसल्या. "मग अगुदर न्हाई का सांगायचं? गुदमारला आसंल की बिचारा." आणि त्यांनी पदराच्या टोकानं माझी जाळी पुसली, आधीच स्वच्छ होती तरी. तनुजा मान फिरवून टाकीकडे बघत राहिली.

मित्रांनो, यंत्राला हार घाला, मी नको म्हणणार नाही. पण हार घालण्याआधी त्याची जाळी पुसा. आणि तुमच्यातलं कुणी, घरात, वर्गात, कारखान्यात, कुठेही, 'मला श्वास घेता येत नाही' असं म्हणालं, तर आधी दार उघडा. आकडे नंतर बघा.